दुहेरी रूळ, एकेरी हिशेब

केंद्रीय अर्थसंकल्पात एखाद्या एकेरी लोहमार्गाच्या दुहेरीकरणाचे नाव झळकले की त्या भागातील लोकप्रतिनिधी हारतुरे स्वीकारू लागतात, आणि आता गाड्या वाढतील, उशीर टळेल, बंद झालेले थांबे पुन्हा मिळतील, अशा आशेवर प्रवासी संघटना दिवस काढू लागतात. दुहेरीकरण म्हणजे प्रगती हे समीकरण इतके रुजले आहे की त्याविषयी शंका घेणारा माणूस विकासाचा वैरी ठरतो. पण ज्या मार्गावर मालगाड्या आणि उतारूंच्या गाड्या एकाच रुळांवरून धावतात, तेथे रुळांची ही नवी जोडी कोणाच्या वाट्याला किती येणार, हे आधी विचारण्याची आणि त्याचे उत्तर बांधून घेण्याची पद्धत या देशात नाही. हा प्रश्न विचारला गेला नाही म्हणजे काय होते, ते गोव्याच्या घाटातील मार्गाने दाखवून दिले आहे. आणि दुसऱ्या रुळांची खरीखुरी निकड असणाऱ्यांना किती काळ तिष्ठावे लागते, ते शेजारच्याच कोकणात दिसते. या दोन्ही उदाहरणांतून निघणारा धडा एकच आहे, आणि तो रेल्वे मंडळाने मनावर घेण्यासारखा आहे.

एकेरी मार्गाचे गणित तसे साधे आहे. दोन स्थानकांमधील टप्प्यात समोरासमोरच्या दोन गाड्या एका वेळी असू शकत नाहीत. म्हणून त्यांपैकी एकीने स्थानकातील बाजूच्या मार्गावर, म्हणजे लूपवर, उभे राहायचे आणि दुसरी निघून गेल्यावर पुढचा टप्पा धरायचा. कोकणचा प्रवासी याला नुसते 'क्रॉसिंग' म्हणतो, आणि या एका शब्दात त्याच्या आयुष्यातील कित्येक तास जमा झालेले असतात. अशा मार्गावर दिवसाकाठी किती गाड्या जाऊ शकतील, हे त्यातील सर्वांत वेळखाऊ टप्प्यावरून ठरते. समजा, सर्वांत मंद गाडीला असा टप्पा ओलांडण्यास वीस मिनिटे लागतात आणि सिग्नलच्या देवघेवीत पाच मिनिटे जातात. दिवसाच्या १,४४० मिनिटांना पंचवीसने भागले की सत्तावन्न गाड्या निघतात. देखभाल, बिघाड व इतर खोळंबा यांसाठी तीस टक्के वजा केले की दोन्ही दिशांच्या मिळून सुमारे चाळीस गाड्या उरतात. आता त्याच टप्प्याच्या मध्यावर एक नवे क्रॉसिंग स्थानक बांधले, आणि बाकीचे टप्पेही दहा मिनिटांच्या आतले असले, तर हीच संख्या सदुसष्टपर्यंत जाते. याचा अर्थ असा की, क्षमता वाढविण्याचे सर्व उपाय दुहेरीकरणापाशी सुरू होत नाहीत आणि तेथेच संपतही नाहीत. हे साधे अंकगणित रेल्वेच्या अभियंत्यांना पाठ असते. जनतेपुढे मात्र ते क्वचितच मांडले जाते.

या गणिताला दुसरीही बाजू आहे. नियमाने पाहिले तर मेल-एक्सप्रेस गाड्यांना पहिला मान, मग पॅसेंजर गाड्यांना, आणि मालगाडी सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात हा क्रम नेहमीच टिकत नाही. कोळशाच्या मालगाडीला अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी असतात आणि इंजिनांसह तिची लांबी साडेसहाशे-सातशे मीटर भरते. लूप तितका लांब नसला की तिला बाजूला घेता येत नाही; मग उतारूंच्या गाडीनेच बाजूला व्हायचे. चढावर उभी केलेली जड मालगाडी पुन्हा हलविणे कष्टाचे असते, म्हणूनही तिला वाट दिली जाते. आणि एक्सप्रेस गाड्यांचा मान राखायचा म्हणून जी गाडी सर्वांसाठी थांबते, ती नोकरदारांची, विद्यार्थ्यांची आणि बाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्यांची पॅसेंजर असते. तिच्या उशिराची दखल घेण्याइतके तिचे उतारू संघटितही नसतात.

यात रेल्वेचा दुष्टावा आहे असे समजण्याचे कारण नाही. रेल्वेच्या वाहतूक-उत्पन्नापैकी सुमारे दोन-तृतीयांश मालवाहतुकीतून येते, आणि त्यात सर्वांत मोठा हिस्सा कोळशाचा आहे. प्रवासी वाहतुकीच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसुली होते, असे रेल्वेने आपल्या तिकिटांवरच छापले होते. उरलेली तूट मालगाडी भरून काढते. तेव्हा उतारूंच्या स्वस्त तिकिटाचा पोशिंदा मालगाडीच आहे, ही वस्तुस्थिती प्रवासी संघटनांनीही मान्य केली पाहिजे. मालगाडी ही उतारूंची शत्रू नव्हे. एका कोळसागाडीतील माल रस्त्याने न्यायचा म्हटले तर दीड-दोनशे ट्रक लागतील आणि त्यांचा धूर, धूळ व अपघात हे सर्व रस्त्याकाठच्या गावांना सोसावे लागेल. खनिजाच्या ट्रकांनी गोव्याच्या अंतर्भागातील गावांची जी दशा केली, ती विसरण्याजोगी नाही. म्हणूनच मालवाहतूक रुळांवर आणण्याचे धोरण मुळात योग्यच आहे. आक्षेप आहे तो मालासाठी बांधायचा मार्ग उतारूंच्या नावावर खपविण्याला, आणि त्याच्या किमतीचा हिशेब झाकून ठेवण्याला.

गोव्याचा मार्ग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून त्याचा जन्म झाला आणि १८८८ मध्ये घाटातील भाग वाहतुकीस खुला झाला. मुरगाव बंदर दख्खनच्या पठाराशी जोडले की मुंबईकडे जाणारा माल इकडे वळेल, असे तेव्हाचे अंदाज होते. या अंदाजांवर विसंबून पोर्तुगीज सरकारने भांडवलावरील व्याजाची हमी दिली. अपेक्षित माल काही आला नाही, आणि हमीचा भार तिजोरीवर पडत राहिला. वाहतुकीचे फुगविलेले अंदाज ही या मार्गाची जुनी व्याधी आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

याच मार्गाच्या दुहेरीकरणाला २०१०-११ मध्ये मंजुरी मिळाली. होसपेटपासून हुबळी, लोंढा, तिनईघाट या मार्गे वास्कोपर्यंतचा हा प्रकल्प सुमारे ३५२ किलोमीटरांचा. पठारावरील भागाविषयी फारसे दुमत नव्हते. वाद पेटला तो घाटाविषयी आणि घाटाखालच्या गोव्याविषयी. कॅसलरॉक ते कुळे हे सुमारे २६ किलोमीटरांचे अंतर दूधसागरच्या धबधब्याजवळून, भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान यांच्या दाट अरण्यातून उतरते. मुरगाव बंदरात उतरविलेला परदेशी कोळसा याच वाटेने बल्लारी-होसपेट पट्ट्यातील पोलाद कारखान्यांकडे जातो. साहजिकच गोव्यात या प्रकल्पाला कोळशाचा मार्ग असे नाव पडले. दुहेरीकरण केवळ कोळशासाठी नाही, त्याने प्रवाशांची आणि पर्यटनाचीही सोय होणार आहे, असे रेल्वे व शासन सांगत राहिले. परंतु दुहेरीकरणानंतर वास्को-कुळे मार्गावर पॅसेंजरच्या किती फेऱ्या वाढतील, आणि लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे या मार्गाने जाणाऱ्या गाडीच्या वेळात किती बचत होईल, याविषयी बंधनकारक असे काहीही लोकांच्या हाती पडले नाही. मग लोकांनी आपल्या मनाने हिशेब केला. नोव्हेंबर २०२० च्या आरंभी चांदोरच्या रेल्वे फाटकापाशी हजारो माणसे रात्रभर जमली, ती या न मिळालेल्या उत्तरापोटी. वेळसांव, कासांवली या किनाऱ्यालगतच्या गावांत तर घरांच्या भिंती आणि रूळ यांच्यात फारसे अंतरच नाही. तेथल्या माणसाला दुसरा रूळ म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मुद्दा केवळ अरण्याचा किंवा धुळीचा नाही. रेल्वेच्या स्वतःच्या निकषांवरही घाटातील दुहेरीकरण तपासले गेले पाहिजे होते. कॅसलरॉकच्या खालच्या घाटात दर ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र चढ आहे. बंदरातून भरून येणारी गाडी हा चढ चढते, तेव्हा तिला जादा इंजिने लावावी लागतात. उतरताना वेगावर कडक मर्यादा असते. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटात आणि कसारा-इगतपुरीदरम्यानच्या थळघाटातही हाच चढ आहे. तेथे आज तीन-तीन मार्ग आहेत, तरीही अनेक गाड्यांना कर्जतला व कसाऱ्याला मागे इंजिने जोडावीच लागतात. रुळांची संख्या वाढली म्हणून डोंगर सपाट होत नाही. दुहेरी मार्ग झाल्याने क्रॉसिंगचा खोळंबा टळेल आणि परतणाऱ्या मोकळ्या इंजिनांना वाट मिळेल, हे खरे. परंतु चढ, इंजिने, ब्रेकची तपासणी आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी ही सर्व बंधने जेथल्या तेथेच राहतील. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात नेमक्या याच मर्मावर बोट ठेवले. रेल्वेजाळ्यातील सर्वांत कमी कार्यक्षम अशा टप्प्यांपैकी एकाची क्षमता जेमतेम वाढविण्यासाठी पश्चिम घाटातील नाजूक निसर्गाचा बळी देणे समर्थनीय नाही, असा तिच्या निष्कर्षाचा आशय होता. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने तो निष्कर्ष उचलून धरला आणि कॅसलरॉक-कुळे दुहेरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता रद्द केली. मात्र जैवविविधतेवरील परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्याची मुभा न्यायालयाने ठेवली आहे.

या निर्णयाला कोणी विकासाचा पराभव म्हटले, कोणी निसर्गाचा विजय. वास्तविक तो हिशेबाचा विजय होता. मंजुरीनंतर तब्बल अकरा वर्षांनी एका समितीला जो प्रश्न विचारावा लागला, तो पहिल्याच वर्षी रेल्वेने स्वतःला विचारायला हवा होता: या टप्प्यातील अडचण खरोखर एकेरी मार्गाची आहे की चढाची? तो विचारला असता, तर घाटाच्या दोन्ही अंगांना दुहेरीकरणाचे काम करायचे आणि मधला टप्पा अडकून बसायचा, ही विचित्र अवस्था ओढवली नसती. गोव्याच्या किनारपट्टीतील दुहेरीकरणाची उपयुक्तताही घाटाशी जोडलेली आहे. घाटातून जितकी वाहतूक वर जाऊ शकते तितकीच बंदरातून काढता येणार. मग खालच्या गावांतून दुसरा रूळ नेमका कशासाठी, हा प्रश्न उरतोच. तो स्थानिक उतारूंसाठी असेल तर शासनाने तसे वेळापत्रकात लिहून द्यावे. पोलाद कारखान्यांना कोळसा लागतो, हेही तितकेच खरे. पूर्व किनाऱ्यावरील बंदरांतून सपाट प्रदेशातील मार्गाने तो आणता येईल, असे प्रकल्पाच्या विरोधकांचे म्हणणे आहे. ते अंतराच्या, भाड्याच्या आणि बंदरांच्या क्षमतेच्या कसोटीवर उघडपणे तपासले जाणे सर्वांच्याच हिताचे आहे.

गोव्यात नको असलेल्या दुसऱ्या रुळांवरून एवढे रण माजत असताना, त्याच गोव्यातून जाणाऱ्या कोकण रेल्वेवर मात्र लोक दुसऱ्या रुळांची वाट पाहत होते. १९९८ मध्ये रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरांचा मार्ग पूर्णपणे खुला झाला, तेव्हा तो एकेरी होता. २०२१ मध्ये रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरांचा टप्पा दुहेरी झाला. म्हणजे सगळ्या मार्गाचा केवळ सोळावा हिस्सा. मार्च २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाले. परंतु वीजतारा आल्याने क्रॉसिंग टळत नाही. मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाच्या जीवनात या मार्गाचे स्थान काय आहे, ते गणेशोत्सवात कोणत्याही स्थानकावर उभे राहून पाहावे. जादा गाड्यांनी मार्ग तुंबतो, एका गाडीचा उशीर समोरून येणाऱ्या चार गाड्यांच्या गळ्यात पडतो, आणि रात्रीच्या वेळी मुलाबाळांसह माणसे आडवाटेच्या स्थानकात ताटकळत राहतात. याच रुळांवरून मालगाड्याही जातात आणि जानेवारी १९९९ पासून सुरू झालेली, भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेणारी रो-रो सेवाही चालते. ती सेवा महामार्गावरचा भार हलका करते, म्हणून ती मोलाचीच आहे. परंतु तिचीही प्रत्येक फेरी त्याच एकेरी मार्गावर जागा मागते.

कोकण रेल्वेने या अडचणीवर जो मधला मार्ग काढला, त्याची नोंद घेतली पाहिजे. लांबलचक टप्प्यांच्या मध्ये तिने कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे यांसारखी नवी क्रॉसिंग स्थानके उभारली. त्यामुळे टप्पे आखूड झाले आणि त्या त्या गावांना स्थानकही मिळाले. डोंगर न फोडता, नवे बोगदे न खणता क्षमता वाढविण्याची ही रीत आहे. अर्थात, तिला मर्यादा आहेत. वाढत्या वाहतुकीपुढे ही स्थानकेही अपुरी पडतात, आणि तेथे दुहेरीकरणाला पर्याय उरत नाही. मग पैशाचा प्रश्न येतो. केंद्र शासनाचे रेल्वे खाते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ ही राज्ये यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या महामंडळाला एवढे भांडवल स्वबळावर उभारणे कठीण. म्हणूनच भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी जोर धरू लागली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिला संमती दिली. पण मालकी बदलली म्हणजे रूळ आपोआप दुहेरी होतील, या भ्रमात कोणी राहू नये. रेल्वे मंडळ कोकणचा प्रस्ताव ज्या तराजूत तोलणार, त्यात मालाच्या टनांना वजन आहे. रत्नागिरीच्या स्थानकात दोन तास उशिरा उतरणाऱ्या माणसाच्या वेळेला वजन नाही. जोवर हा तराजू बदलत नाही, तोवर जेथे कोळसा तेथे दुसरा रूळ आणि जेथे माणसे तेथे प्रतीक्षा, हाच क्रम चालू राहील.

तो बदलायचा तर तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली ही की, कोणत्याही सामाईक मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी देण्यापूर्वी त्या मार्गाची आजची क्षमता, त्यावर धावणाऱ्या माल व उतारू गाड्यांची संख्या, सर्वांत वेळखाऊ टप्पा कोणता आणि तो तसा का, हे सर्व स्थानिक भाषेत जाहीर झाले पाहिजे. अडचण चढाची असेल, लूपच्या तोकडेपणाची असेल किंवा सिग्नलची असेल, तर त्या त्या अडचणीवरचा स्वस्त उपाय आधी योजला पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे, नव्या क्षमतेतील उतारूंचा वाटा मंजुरीच्या कागदातच लिहिला गेला पाहिजे. किती पॅसेंजर गाड्या वाढणार, कोणते थांबे परत मिळणार, प्रवासाचा वेळ किती घटणार, हे आकड्यांत सांगावे आणि मार्ग पूर्ण झाल्यावर दरवर्षी त्याचा ताळेबंद मांडावा. २०२० च्या महासाथीत पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचे नाव देऊन किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपयांवर नेण्यात आले आणि ते पूर्ववत व्हायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. लिहून न घेतलेल्या सवलती किती सहज काढून घेतल्या जातात, याचा हा ताजा दाखला आहे. तिसरी गोष्ट ही की, मार्ग प्रामुख्याने मालासाठी असेल तर तसे निःसंकोच म्हणावे. समर्पित मालवाहतूक मार्ग उभारताना शासनाने हेच केले. पश्चिमेकडील दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा सुमारे दीड हजार किलोमीटरांचा मार्ग मालासाठी म्हणूनच आखला गेला, आणि माल तिकडे वळल्याने जुन्या मार्गावर उतारूंना जागा मिळेल, हा युक्तिवाद उघडपणे मांडला गेला. हेतू स्पष्ट असला की लाभ-हानीची चर्चाही स्पष्ट होते, आणि ज्याला लाभ होणार त्याच्याकडून अरण्याची, जमिनीची व धुळीची किंमत वसूल करता येते.

असे हिशेब मागितल्याने प्रकल्प रेंगाळतात, अशी तक्रार केली जाईल. गोव्याचा अनुभव तिला परस्पर उत्तर देतो. तेथे हिशेब मागितला गेला नाही म्हणून प्रकल्प रेंगाळला. आधी मागितला असता तर कदाचित तो पैसा आणि ती अकरा वर्षे जेथे खरी गरज होती तेथे लागली असती. लोहमार्ग एकदा पडला की शतकभर टिकतो. दूधसागरच्या दारातून जाणारा १८८८ चा मार्ग आजही तेथेच आहे. त्याच्या चुकलेल्या अंदाजांचा भार वाहणारे सरकार मात्र केव्हाच इतिहासजमा झाले. दुसरा रूळ टाकताना आजच्या राज्यकर्त्यांनी एवढे भान ठेवावे, आणि तो रूळ कोणासाठी हे पहिली कुदळ मारण्यापूर्वी सांगावे.